पाठदुखीला फतवा कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घरी कुरआनखानी होती. दुआ झाली, चहा फिरला आणि नेहमीप्रमाणे बायकांच्या गप्पा दुखण्यावर आल्या. कुणाचे गुडघे, कुणाची मान, कुणाची कंबर. शेजारच्या खालांनी कुपवाडच्या एमआयडीसीत, सूतगिरणीत उभे राहून वीस वर्षे काढली. आता त्या घरी पिको-फॉलचे काम करतात. त्यांनी मला विचारले, "टीचर, तुमारी कमर अब कैसी है?"

मी खरे ते सांगितले. दुखते, पण पूर्वीसारखा दिवस खाऊन टाकत नाही. मग रोज दहा-पंधरा मिनिटे मी काय करते, तेही सांगितले. सतरंजीवर आडवे व्हायचे, गुडघ्याखाली उशी घ्यायची, एक हात पोटावर ठेवायचा. श्वास येतो-जातो तो नुसता पाहायचा. मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचे. कुठे गरम, कुठे जड, कुठे आखडलेले, कुठे अगदी ठीक. जिथे दुखते तिथे घाई न करता थांबायचे, सोसवेना तर हाताच्या तळव्याकडे परत यायचे. कूस बदलावीशी वाटली तर बदलायची. एवढेच. यात ना मंत्र, ना मूर्ती, ना कुणापुढे वाकणे.

चार दिवसांनी एका ओळखीच्या तरुणाचा व्हॉट्सअॅपवर संदेश आला. "ध्यान वगैरे आपल्यात नाही. ते त्यांचे आहे. टीचरनी बायकांना भलत्या वाटेला लावू नये." त्याच आठवड्यात एका परिचित गृहस्थांचा फोन आला. हे मुसलमान नव्हेत. त्यांना कुठून तरी बातमी लागली होती. म्हणाले, "मॅडम, शेवटी तुम्हीसुद्धा आमच्या ध्यानाकडे वळलात, ऐकून आनंद झाला."

एक म्हणतो ते त्यांचे. दुसरा म्हणतो हे आमचे. आणि दोघांच्या ओढाताणीत सापडली आहे माझी कंबर. हा लेख त्या दोघांना उत्तर म्हणून लिहिते आहे, पण त्याहून जास्त खालांसाठी लिहिते आहे. कारण तो संदेश त्यांच्याही घरी पोहोचला आणि त्यांनी जे सुरू केले होते ते तिसऱ्या दिवशी बंद केले.

मणक्यातला गॅप

सात वर्षांपूर्वी पावसात स्कूटी घसरली. हाड मोडले नाही. सूज उतरली, पण कंबरेत ठणका राहिला तो राहिलाच. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. रोज सहा तास उभे राहायचे आणि घरी येऊन वह्या तपासायला वाकायचे. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला, दम केलेले पाणी झाले. एका दवाखान्यात एमआरआय काढला. "मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, जपून राहा," असे सांगून मला घरी पाठवले. त्या "जपून राहा"ने जेवढे नुकसान केले तेवढे स्कूटीनेही केले नसेल. मी वाकणे सोडले, चालणे सोडले, लग्नकार्याला जाणे सोडले. प्रत्येक पाऊल टाकताना श्वास रोखून धरायची.

पुढे वाचताना कळले, ते आधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. ज्यांना अजिबात पाठदुखी नाही अशा माणसांच्या मणक्यांचे फोटो काढले, तरी चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांत चकती फुगलेली दिसते. ऐंशीच्या घरातल्यांत हे प्रमाण ८४ टक्क्यांपर्यंत जाते. २०१५ साली अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करून हे आकडे मांडले गेले. म्हणजे फोटोत दिसणारा "गॅप" हा पुष्कळदा केस पिकण्यासारखा वयाचा भाग असतो. तो कधी दुखण्याचे कारण असतो, कधी नसतो.

मग दुखते का? १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की दुखऱ्या जागेतून निघालेला निरोप मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. वाटेत, पाठीच्या कण्यात, जणू एक दार असते. ते कधी जास्त उघडते, कधी मिटते, आणि मेंदूकडून येणारे निरोपही त्यावर परिणाम करतात. आज आपल्याला हे चित्र पुष्कळ गुंतागुंतीचे आहे हे माहीत आहे, पण मूळ मुद्दा टिकला आहे. भीती, अपुरी झोप, काळजी, आखडून धरलेले स्नायू यांनी वेदना वाढते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात तर पुष्कळदा जखम भरून निघते, पण धोक्याची घंटा वाजतच राहते. म्हणून ते दुखणे खोटे ठरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात वेदना ही शरीराची संवेदना आणि मनाची भावना अशी दोन्ही आहे, आणि माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा मान राखावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या घरांत सुनेने "दुखते" म्हटले की "कामाच्या वेळीच कसे दुखते" असे विचारले जाते. त्यांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावे.

शरीराकडे सावकाश लक्ष देण्याचा उपयोग इथे होतो. दुखणे आणि दुखण्याची धास्ती या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. रोज थोडा वेळ शांतपणे पाहिले की त्यांची गाठ थोडी सैल होते. श्वास रोखलेला लक्षात येतो, खांदे कानाला लागलेले लक्षात येतात. दुखणे सतत सारखे नसते, वर-खाली होते, त्याला कडा असतात, हेही कळते. आणि सगळे शरीर दुखत नसते, हे कळणे मला तरी नवीन होते.

इगतपुरीची गोष्ट

"ते त्यांचे आहे" म्हणणाऱ्याने सत्यनारायण गोयंका यांची हकीकत ऐकावी. आज नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला विपश्यनेचे जे मोठे केंद्र आहे, ते १९७६ साली त्यांच्याच प्रयत्नाने सुरू झाले. गोयंका १९२४ साली म्यानमारमधल्या, तेव्हाच्या ब्रह्मदेशातल्या, मंडाले शहरात एका मारवाडी कुटुंबात जन्मले. मोठे व्यापारी होते. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, इतका की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. आता मॉर्फिनचेच व्यसन लागते की काय, अशी भीती निर्माण झाली. परदेशांतले डॉक्टर झाले, उपयोग झाला नाही. तेव्हा कुणी तरी रंगूनमधल्या सयाजी ऊ बा खिन यांचे नाव सुचवले. हे ऊ बा खिन कुणी संन्यासी नव्हते. सरकारी नोकर होते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते.

गोयंका लगेच गेले का? नाही. ते कट्टर हिंदू घरातले. ही तर बौद्धांची गोष्ट, तिथे गेलो तर आपला धर्म जाईल, ही धास्ती त्यांना कित्येक महिने अडवत होती. हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले. म्हणजे आमच्या तरुणाने आज मला विचारलेला प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी एका मारवाडी व्यापाऱ्याला पडला होता! अखेर १९५५ साली ते गेले. आणि ऊ बा खिन यांनी काय सांगितले? डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका. हे शिक्षण मनाच्या विकारांसाठी आहे, दुखणे गेले तर तो जोडीचा फायदा. १९६९ साली गोयंका भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर घेतले, आणि पुढचे सगळ्यांना माहीत आहे.

विपश्यनेची मुळे बौद्ध परंपरेत आहेत, ते मी लपवत नाही. पण मुळे एका अंगणात असली म्हणून फळ दुसऱ्याला वर्ज्य होत नाही. आपले मिरज हे दवाखान्यांचे गाव. त्याची सुरुवात केली विल्यम वॅनलेस यांनी. त्यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. वॅनलेस मिशनरी होते आणि ते त्यांनी कधी झाकून ठेवले नाही. पण त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्या आजा-पणजांनी टाके ख्रिस्ती आहेत का, असे विचारले नाही. जीव वाचवून घरी आले, शुक्राने अदा केले. त्यांचा ईमान आपल्यापेक्षा कच्चा होता का?

हीच गोष्ट १९७९ साली अमेरिकेत झाली. मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी एक वर्ग सुरू केला. डॉक्टरांचे उपाय संपलेले, वर्षानुवर्षे दुखणारे रोगी तिथे पाठवले जात. ध्यानाच्या परंपरांतून, त्यातही ऊ बा खिन यांच्या परंपरेतून जे शिकले होते, त्यातला धार्मिक भाग बाजूला ठेवून त्यांनी आडवे पडून शरीर न्याहाळण्याची पद्धत बसवली. १९८२ साली अशा ५१ रोग्यांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. तो अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. पण पुढे चांगले अभ्यास झाले. २०१६ साली अमेरिकेतल्या ३४२ जुनाट पाठदुखीच्या रोग्यांचे तीन गट केले गेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांच्या रोजच्या हालचाली सहा महिन्यांनी ठळकपणे सुधारल्या. ध्यानाच्या गटात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते. आणि विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराच्या गटात ५८. त्यानंतर २०१७ साली अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट पाठदुखीसाठी औषधाआधी करून पाहायच्या उपायांत व्यायामासोबत याचाही समावेश केला.

हे आकडे नीट वाचा. ६० आणि ४४. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार नाही. शंभरातल्या चाळीस जणांना यानेही ठळक फरक पडला नाही. आणि मानसोपचारही जवळपास तेवढाच उपयोगी पडला. तेव्हा अभिनंदनाचा फोन करणाऱ्या गृहस्थांनाही माझे सांगणे आहे. ही कुणाच्या प्राचीन श्रेष्ठत्वाची पावती नव्हे. माझी कंबर तुमच्या झेंड्याची काठी नाही.

आपल्याकडेही होते, मग?

काही समजूतदार मित्र मधला मार्ग सुचवतात. म्हणतात, टीचर, ध्यान म्हणू नका, मुराकबा म्हणा. सूफींच्या नक्शबंदी सिलसिल्यात "होश दर दम" आहे, म्हणजे प्रत्येक श्वासात जागे राहणे. तो आपलाच वारसा आहे.

आहे ना, आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण सूफींचा मुराकबा अल्लाहच्या ध्यासासाठी आहे, कंबरेसाठी नाही. त्याला पाठदुखीच्या पंगतीला बसवणे हा त्याचाही मान नाही. आणि दुसरे, प्रत्येक उपयोगी गोष्टीला आधी "आपल्यात होते" असा दाखला जोडल्याशिवाय हात लावायचा नाही, ही सवयच मला खटकते. समोरचा तेच करतो म्हणून आपण त्याला हसतो. श्वास कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही. पाय कुठे आखडला आहे हे पाहायला ना त्यांचा दाखला लागतो, ना आपला.

सब्र म्हणजे काय?

ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसले, ती आता सांगते. खालांनी ते बंद केले तेव्हा मला म्हणाल्या, "जाने दो टीचर. दुखणे से गुनाह झडते हैं. सब्र करना."

आजारात गुनाह झडतात, ही रिवायत मीही मानते. ती दुखणाऱ्याच्या उशाशी बसून द्यायची तसल्ली आहे. दुखणाऱ्याचा उपाय काढून घ्यायचे कारण नाही. उपचार घ्या, असे प्रेषित मुहंमद (स.) यांनीच लोकांना सांगितले. सब्रचा सर्वांत मोठा दाखला आपण हजरत अय्यूब (अ.) यांचा देतो. त्यांनी आपला त्रास अल्लाहसमोर बोलून दाखवला आणि कुरआनने ती हाक नोंदवून ठेवली आहे. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले. तरी त्यांच्या सब्राला आपण सुंदर सब्र म्हणतो. मग आपल्याकडे सब्र म्हणजे बाईने गप्प बसणे, हा अर्थ कुठून आला? गप्प बसलेल्या बाईचा घरातल्यांना त्रास नसतो, एवढेच ना?

तशीच दुसरी गोष्ट. मोबाईलवर संदेश फिरतात की रुकू केल्याने मणका सरळ होतो, सजद्याने अमुक बरे होते, नमाजच सर्वोत्तम व्यायाम आहे. नमाज इबादत आहे. तिला फिजिओथेरपीच्या दुकानात बसवू नका. उद्या एखादीचे गुडघे सजद्याने जास्त दुखू लागले, तर ती काय समजेल? आपल्या नमाजीतच खोट आहे? हजरत इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजीबद्दल विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की उभे राहून पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ही बुखारीतली हदीस आहे. ज्या दीनने दुखऱ्या शरीराचे इतके ऐकले, त्या दीनच्या नावाने आपण दुखऱ्या शरीराकडे पाहूही नका म्हणतो. आमच्या गल्लीत साठीच्या बायका आहेत. खुर्चीवर नमाज पढताना त्यांना चोरी केल्यासारखे वाटते. ही लाज त्यांना कुणी शिकवली?

जे ध्यानाने होणार नाही

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडते. काहींना हे समजले की ते थेट दहा दिवसांच्या शिबिराला जायला सांगतात. तिथे चौथ्या-पाचव्या दिवसापासून तासभर न हलता बसण्याच्या बैठका असतात. निरोगी माणसाला ते जमेल, न जमेल. पण ज्या बाईची कंबर दहा मिनिटांत भरून येते, तिच्यासाठी ती सुरुवात नव्हे. दुखणे सोसून दाखवण्याची ही परीक्षा नाही. आडवे व्हा, खुर्चीवर बसा, डोळे उघडे ठेवा, पाच मिनिटांत उठा. काही जणींना डोळे मिटले की जुने भीतीचे प्रसंग आठवतात, जीव घाबरतो. त्यांनी हे सोडून द्यावे किंवा जाणकार माणसाजवळ बसून करावे.

आणि डॉक्टर सोडायचा नाही. पायाची ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. ताप, कारण नसताना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कॅन्सर, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी. उलट, मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाणे हाही उपचार नव्हे. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, पोते हलके होण्याचे काम ध्यानाने होत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाला मी श्वास पाहायला शिकवले आणि पोत्याचे वजन विचारले नाही, तर ती थट्टा होईल. एका माणसाने ५५ किलोंहून जास्त ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच केली. आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ सालचा आहे. सूतगिरणीत आठ तास उभ्या बाईला बसायला स्टूल मिळाले पाहिजे. घरी पाण्याची घागर मुलाने उचलली पाहिजे. ते करायचे नाही आणि बाईला "मन शांत ठेव" सांगायचे, असे असेल तर त्या शांतीवर माझा पहिला आक्षेप असेल.

माझे मागणे

मला कुणाला ध्यानी बनवायचे नाही. ज्याला नको त्याने करू नये. माझे मागणे छोटे आहे. जुम्म्याच्या बयानात मौलाना साहेबांनी दोन वाक्ये सांगावीत, की दुखणाऱ्याने खुर्चीवर नमाज पढण्यात कमीपणा नाही, आणि दुखण्यावर इलाज करणे सब्राच्या विरुद्ध नाही. मदरशाचा किंवा शाळेचा हॉल महिन्यातून एका दुपारी बायकांसाठी उघडावा. एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवावे, सोपे व्यायाम शिकवावेत आणि शेवटी दहा मिनिटे शांत आडवे पडू द्यावे. सूचना आपल्या दखनीत देईन, ते काम माझे. कुणाला त्या दहा मिनिटांत जिक्र करावासा वाटला तर करावा, कुणाला नुसते पडून राहावेसे वाटले तर राहावे. नाव काहीही द्या. नाव दिले नाही तरी चालेल.

परवा खाला पुन्हा आल्या. साडीला फॉल लावायचा होता, ते निमित्त. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "टीचर, रातकू नींद नई लगी तो मैं फिर वो किई. दरद तो वैसाच है. मगर आंख लग गई."

दुखणे तसेच आहे, पण झोप लागली. मी याहून मोठा दावा करत नाही. आणि आता कुणाला यावर फतवा विचारायचा असेल तर जरूर विचारा. फक्त विचारायला जाण्याआधी मस्जिदीत बायका नमाज पढतात त्या खोलीत दोन खुर्च्या ठेवून जा.